श्रावणात चाक बंद

शनिवार उजाडला की मी कान देऊन बसतो. बसायचं नाही असं ठरवतो आणि बसतो. खालच्या वळणाला गाडी लागली की आधी आवाज येतो, मग वास. क्लच जळाल्याचा तो वास ओल्या हवेत वर चढतो आणि भाताच्या वासात मिसळतो. आमच्या वाडीत श्रावणात हे दोन वास पूर्वी कधी एकत्र आले नव्हते. आवाजावरून मला सगळं कळतं. कुठला गिअर आहे, चाक पकड धरतंय की जागच्या जागी फिरतंय, चालवणारा घाबरलाय का. तीस वर्षं जीप हाकली. जीप मोडीत गेली, कान राहिले.

चांगुणा, माझी बायको, गेल्या भादव्यात गेली. तिच्याशिवायचा हा पहिला श्रावण. तेरडा तसाच फुललाय, बांधाला खेकडे तसेच निघतात, कौलावरून पाणी तसंच गळतं आणि मी तसंच त्याच्याखाली पातेलं ठेवतो. फक्त पातेलं चुकीच्या जागी ठेवलं म्हणून कुणी बोलत नाही.

आमची वाडी अकोल्याच्या पश्चिमेला, धरणाच्या मागच्या डोंगरात. डांबरी खाली संपते. तिथून वाडीपर्यंत तीन किलोमीटर मातीचा रस्ता, आणि वाडीच्या डोक्यावर पठार. हा रस्ता आमच्या बापजाद्यांनी पहार-घमेल्यानं काढला. त्याला सरकारी नाव नाही. पण त्याचा एक नियम होता. आवणी सुरू झाली, म्हणजे भाताची रोपं लावायला घेतली, की डांबरी संपते तिथं एक सागाचं लाकूड आडवं टाकायचं. त्याला आम्ही म्हणायचो, चाक बंद. मग पोळ्यापर्यंत त्या रस्त्यावर बैलगाडीसुद्धा घालायची नाही. माणसं चालत, ओझं डोक्यावर. पोळ्याला लाकूड काढायचं, आधी बैलं न्यायची, मग चाक.

शहरातल्या माणसाला हा अडाणीपणा वाटेल. पण आमची माती लोण्यासारखी आहे. पावसात तिच्यावर गवत धरतं, गवताची मुळं तिला बांधून ठेवतात. दोन महिने तिला हात लावला नाही तर पोळ्यानंतर तिच्यावरून भरलेली जीप जाते. एक चाक जरी त्या दिवसांत फिरलं तर गवत फाटतं, फाटलेल्या जागी चाकोरी पडते, चाकोरीत पाणी उतरतं, आणि एका पावसात रस्त्याचा ओढा होतो. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. चौथीच्या पुढं पुस्तकाशी माझा संबंध आला नाही.

लाकडाची राखण माझ्याकडं होती. माझा बाप म्हणायचा, ज्याच्याकडं चाक हाय त्यानंच लाकूड सांभाळावं. त्याची अडचन समद्यात मोठी, तो थांबला तर बाकीचे थांबतील. वाडीत मोटार फक्त माझी. म्हणून तीस पावसाळे माझी जीप खाली पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहायची आणि मी चालत घरी यायचो. एकदाही लाकूड उचललं नाही. धाकटा भाऊ तापानं फणफणला तेव्हासुद्धा त्याला पाठीवर खाली नेला.

आणि मग गेल्या श्रावणात उचललं.

त्या दिवशी चांगुणाच्या गुडघ्याला इंजेक्शन द्यायला आम्ही राजूरला गेलो होतो. परत आलो, डांबरीच्या टोकाला उतरलो. वर चढायचं तर तिला सात ठिकाणी बसावं लागायचं. पहिली बैठक त्या लाकडावरच. ती तिथं बसली होती, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात काठी, आणि समोर तीन गाड्या येऊन थांबल्या.

दोन लहान चौकोनी जीपा होत्या, चारही चाकं ओढणाऱ्या. तिसरी शहरात भाजी आणायला नेतात तसली गाडी, पण पोरांनी तिच्या स्प्रिंगा बदलून तिला वीतभर उचललेली, पोटाखाली लोखंडी पत्रा ठोकलेला, टायर जाडजूड, आणि काचेच्या बाजूनं वर गेलेलं एक नळकांडं, पाण्यात इंजिनानं श्वास घ्यावा म्हणून. कोंबडीला बैलाचे पाय लावावेत तशी दिसत होती. चांगुणा तोंडावर पदर धरून हसली.

पुढच्या जीपमधून एक पोरगा उतरला. पुण्याचा, ओंकार नाव. तिशीचा असेल. बोलायला गोड.

"काका, हा रस्ता पठारावर जातो ना?"

"जातो. पन आता न्हाई. चाक बंद हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी पोळ्यापातूर वर चाक जात न्हाई. चालत जा, पाय हायेत ना?"

"काका, ही साधी गाडी नाही. चारही चाकं ओढतात."

"म्हनूनच न्हाई. दोन चाकांची निदान अडकून पडती. ही समदं उकरून जाईल."

पाहा, मला सगळं माहीत होतं. माझ्याच तोंडानं मी बोललो होतो. म्हणून आता मला कुणी सांगू नये की बाबा, तुम्हाला काय कल्पना.

पोरगा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मी हललो नसतो. त्यानं चांगुणाच्या गुडघ्यावरची पट्टी पाहिली. म्हणाला, "काकू हे सगळं चालत जाणार?" आणि मग गाडीची किल्ली माझ्यापुढं धरली. "तुम्हाला यातलं कळतंय काका. तुम्हीच चालवा. काकूंना घरी सोडा."

मी किल्लीकडं पाहिलं. सात वर्षं झाली होती हातात स्टेअरिंग घेऊन.

चांगुणा म्हणाली, "घ्या की. तीस वर्सं दुसऱ्यांच्या बायका फिरवल्या, आज सवताची फिरवा."

"लाकडाचं काय?"

"एका खेपंनं काय डोंगुर पडत न्हाई. मी कुनाला सांगनार न्हाई."

तिला उठवलं आणि तिच्या बुडाखालचं लाकूड मी माझ्या हातानं बाजूला केलं.

त्या तीन किलोमीटरबद्दल मी खोटं लिहिणार नाही. मला आनंद झाला. आधी मी पोरांना टायरमधली हवा कमी करायला लावली, म्हणजे टायर पसरतो आणि चिखल धरतो. मग चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा मागं ओढला, आणि गाडी एकदम शांत झाली, पान्हा सोडलेल्या म्हशीसारखी. पाय हलका ठेवायचा, ब्रेकला शिवायचं नाही, गाडीला तिचं तिचं चढू द्यायचं. माझ्या जीपला त्या वळणावर दहा माणसं उतरून ढकलायची. ही चढली. चांगुणा दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून बसलेली. प्रत्येक गचक्याला "आई आई" करायची आणि हसायची.

घर आलं. मी थांबलो नाही. ती म्हणाली, "अवं, घर ऱ्हायलं." मी म्हटलं, "गप बस."

पठारावर ती अकरा वर्षांनी आली. गुडघे गेल्यापासून पठार तिच्यासाठी फक्त खालून दिसणारी रेघ होती. नवी नवरी असताना ती तिथं शेरडं राखायची. धुकं होतं, मधूनच फाटायचं आणि खाली धरणाचं पाणी दिसायचं. कातळावर डबकी भरलेली, त्यांच्या कडेनं बारीक निळी फुलं. तिनं चपला काढल्या आणि त्या थंड पाण्यात पाय सोडून बसली. पोरं फोटो काढत होती. तिनं त्यांना दटावलं, "माजं काय काढता, फुलांचं काढा." मग मला म्हणाली, "ह्या दगडाखाली मी भाकर ठेवायची. शेळीनं खाऊ नये म्हनून. रोज शेळीच खायाची."

किती वेळ बसलो सांगता येत नाही. माझ्या सगळ्या संसारात मी तिला मुद्दाम कुठं फिरायला नेल्याचा तेवढाच एक दिवस. मला तो दिवस परत द्यायचा नाही. हीच माझी अडचण आहे. तो दिवस झाला नसता तर बरं, असं म्हणायला माझी जीभ उठत नाही.

मी ते लाकूड संध्याकाळी परत टाकलं. पण पुढच्या शनिवारी ओंकारबरोबर पाच गाड्या आल्या. "काका, काकूंसाठी औषधी तेल आणलंय." त्यांना कसं नाही म्हणायचं? त्याच्या पुढच्या रविवारी अनोळखी गाड्या आल्या, लाकूड त्यांनीच बाजूला केलेलं. कुणीतरी चांगुणाच्या हसण्याचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला होता, पाठीमागं पठार. मुंबईच्या, नाशकाच्या, नगरच्या गाड्या. दहा, पंधरा. गाडी चिखलात रुतली की त्यांना जास्त मजा. मुद्दाम रुतवायचे, एक्सलेटर दाबायचे, चिखल झाडाच्या उंचीला उडायचा, पोरं टाळ्या पिटायची. मग हिरड्याच्या झाडाला तार गुंडाळायची आणि गाडीच्या नाकावर बसवलेल्या चरकानं गाडीच ओढून काढायची. हिरड्याची साल माणसाच्या कातडीसारखी निघाली.

मी काय केलं? मी वळणावर छत्री घेऊन उभा राहिलो आणि त्यांना सांगत राहिलो, उजवीकडनं घे, हवा काढ, पाय उचल. सगळी म्हणायची, "काकांना विचारा, काकांना कळतं." म्हातारपणी असं कुणी म्हणत नाही. माझा पुतण्या लक्ष्मण, त्यानं वाडीत चहा-पिठलं-भाकरी सुरू केली, तंबू आणले. वाडीला बरं वाटलं. चांगुणाच एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आता पुरं करा. रस्ता बघितला का? गुरं उतरंनात."

मी म्हटलं, "पोळा झाला की दगड-मुरूम टाकू, समदे मिळून."

पोळा झाला. पाऊस थांबला नाही. मुरूम टाकला तो तिसऱ्या दिवशी खाली शेतात गेला. चाकोऱ्या गुडघ्याइतक्या झाल्या होत्या, त्यांतून पाणी वाहत होतं. पोळ्यानंतर ज्या रस्त्यानं भरलेली जीप वर यायची तिथं बैल चालेना.

गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, जेवण झाल्यावर चांगुणाच्या छातीत कळ आली. घाम फुटला. तिनं मला सांगितलं नाही, ताट धुवायला गेली आणि मोरीतच बसली. लक्ष्मणनं ॲम्ब्युलन्सला फोन केला. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली. डांबरीच्या टोकापर्यंत आली. ड्रायव्हरनं उतरून रस्ता पाहिला आणि फोनवर म्हणाला, "बाबा, ही गाडी इथं घातली तर तुमचा पेशंट पण अडकेल आणि माझी गाडी बी." खरं बोलला.

मी ओंकारला फोन लावला. चारही चाकं ओढणारी गाडीच तिथं चढली असती. बुधवार होता. त्या गाड्या शनिवार-रविवारच्या. तो ऑफिसात होता. "काका, मी आत्ता निघतो," म्हणाला. पाच तासांचा रस्ता. तरी निघाला.

आम्ही डोली केली. बांबूला घोंगडी बांधली. चौघं खांद्याला, चौघं बदलीला. मी मागं छत्री धरून. रस्त्याच्या मधोमध चालावं तर चाकोरीत पाय जातो, कडेनं चालावं तर कड ढासळते. लक्ष्मण दोनदा पडला, दोन्ही वेळा गुडघ्यावर पडला पण बांबू खाली टेकू दिला नाही. जिथं जीपला वीस मिनिटं लागायची तिथं आम्हाला दोन तास लागले. मधेच चांगुणानं डोळे उघडले. तिला वाटलं आपण गाडीत आहोत.

म्हणाली, "हळू घ्या की. गचके लई बसत्यात."

मी म्हटलं, "व्हय, हळू घेतो."

हिरड्याच्या झाडाजवळ ती गेली असावी. आम्हाला कळलं खाली डांबरीवर. दवाखान्यात डॉक्टरांना मी एकच विचारलं, अगोदर आणली असती तर? डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "सांगता येत नाही बाबा. कदाचित हो, कदाचित नाही." त्यानं हो म्हटलं असतं तर मी स्वतःला शिव्या घालत बसलो असतो. नाही म्हटलं असतं तर नशिबाला. आता मला शिव्या घालायलाही जागा नाही.

ओंकार तिन्हीसांजेला पोचला. गाडी रस्त्यातच सोडून धावत आला आणि लहान पोरासारखा रडला. मी म्हटलं, "तुजी चूक न्हाई." खरंच नव्हती. किती बरं झालं असतं, असती तर.

यंदा आवणी सुरू झाली आणि मी एकट्यानं लाकूड नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी ते बाजूला. पुन्हा टाकलं, पुन्हा बाजूला. उचलणारा लक्ष्मण होता. त्यानं लपवलंही नाही. देवळाच्या ओट्यावर वाडी गोळा झाली तेव्हा मी उभा राहिलो. मला बोलता येत नाही. म्हटलं, "चाक बंद करा. सविता आठव्या महिन्यात हाय. भादव्यात तिची येळ. तवा कशी उतरवनार?"

सविता लक्ष्मणची बायको. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आमच्याकडं दुसरं सासरी करतात.

लक्ष्मण म्हणाला, "तिला आदीच खाली नेऊ."

"कवा?"

"पोळा झाल्यावर."

"पोळ्याला रस्ता ऱ्हातोय का? गेल्या साली तुजा गुडगा फुटला न्हवं?"

तो खाली मान घालून बसला. मग मान वर न करता म्हणाला, "बाबा, मी तुमाला उलटून बोलत न्हाई. पन गेल्या साली लाकूड पयलं कुनी उचललं?"

पागोळ्यांचा आवाज येत होता. मी खाली बसलो. लक्ष्मणवर मला राग नाही. पिठलं-भाकरीवर चार घरं चालतात, त्याची थोरली हॉस्टेलात शिकते. त्यानं चूक केली असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

ओंकारला फोन केला. तो गेल्या वर्षापासून आलेला नाही. म्हणाला, "काका, मी आमच्या सगळ्या ग्रुपवर लिहिलं, त्या रस्त्यावर जाऊ नका म्हणून. लोकांनी विचारलं, कुठला रस्ता? ज्यांना माहीत नव्हता त्यांनाही कळला."

मला हसू आलं. तोही हसला.

हे दिवस असेच जात होते. चाकोऱ्या आता पोटरीला लागल्या. सोमवारी सकाळी गाड्या नसतात. मी लक्ष्मणच्या घरी गेलो. तो दूध घालायला खाली गेला होता. सविता चुलीपुढं बसली होती, पाय सुजलेले. माझ्याकडं बघून तिनं पदर सावरला.

मी म्हटलं, "पोरी, माहेरी जातीस का? आता. चालता येतंय तवर."

ती म्हणाली, "दुसऱ्याला माहेरी जात न्हाईत, बाबा. लोक काय म्हनतील?"

"लोकांना सांग, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, त्यानं नेली."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, त्यावर पाणी शिंपडलं. माझ्याकडं पाहिलं नाही. "मी त्यांना चार येळा म्हनलं," एवढंच बोलली. मग आत जाऊन पिशवी भरून आली. मला कळलं की पिशवी आधीपासून अर्धी भरलेली होती.

रस्त्यानं गेलो नाही. भाताच्या बांधाबांधानं उतरलो. मी पुढं काठी टेकून बघायचो, मग ती पाय ठेवायची. दर दोन खाचरांना बसलो. एकदा ती घसरली, मी धरली, मीच पडलो, कमरेपर्यंत भातात. ती हसली आणि लगेच पोट धरून गप्प झाली. मी चिखलातनं धडपडत उठलो. "काई न्हाई बाबा, लाथ मारली," म्हणाली. साडेतीन तास लागले. डांबरीवर राजूरची जीप मिळाली. ड्रायव्हर माझ्याबरोबरचाच, त्यानं तिला पुढच्या सीटवर बसवलं. तिच्या आईच्या दारात सोडून मी परत फिरलो.

वर यायला दुपार कलली. लक्ष्मण माझ्या ओट्यावर बसला होता. तोंड लाल.

"तुमी कोन नेनारे?"

मी काठी भिंतीला लावली. पाय धुतले.

"मला इचारायचं तरी. माजी बायको हाय ती."

"व्हय."

त्याचा आवाज बदलला.

"कुठनं नेली?"

"बांधानं."

"पडली न्हाई ना?"

"न्हाई. मी पडलो."

त्यानं माझ्या चिखलानं भरलेल्या धोतराकडं पाहिलं. काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला, दोनदा. सोमवारच्याही गाड्या यायला लागल्या होत्या. पहिल्या वळणाला चाक जागच्या जागी फिरत असल्याचा आवाज मला आला. त्यालाही आला, आता त्याचेही कान तयार झालेत. तो एकदा खाली बघायचा, एकदा माझ्याकडं.

"येतो," म्हणाला. माझीच छत्री उचलली आणि पावसात पळत सुटला. वळणावरून त्याचा आवाज ऐकू आला, "उजवीकडनं घ्या साहेब, उजवीकडनं! हवा काढा!"

बरोबर सांगत होता. मी त्याला हाक मारली नाही.